तानपुऱ्याखालची घूं

आमच्या आधीच्या पिढीने फोनो प्रीअँप हे नावही न ऐकता आयुष्यभर रेकॉर्डी ऐकल्या. सत्तरच्या दशकात दिल्लीत सरोजिनीनगर किंवा रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरांत ज्या मराठी घरी रेकॉर्डप्लेअर असे, तो बहुधा एचएमव्हीचा फिएस्टा किंवा कॅलिप्सो असे. झाकण उघडायचं, पिन टेकवायची, गीतरामायण सुरू. मध्ये कुठलीही डबी नाही. कारण त्या प्लेअरच्या हातात सिरॅमिक कार्ट्रिज असे. त्यातल्या स्फटिकावर दाब पडला की तो स्वतःच शेकडो मिलिव्होल्टचा विद्युतदाब तयार करी, आणि त्याची जात अशी की रेकॉर्डमधल्या खालच्या-वरच्या सुरांचा तोल ढोबळमानाने आपोआप सांभाळला जाई. सोय मोठी होती, किंमत रेकॉर्डने मोजली. ते जड डोकं पाच-सहा ग्रॅमचा भार घेऊन खाचेतून नांगर ओढल्यासारखं जात असे. जामा मशिदीजवळ मीना बाजारातल्या शाह म्युझिक सेंटरमध्ये किंवा चांदनी चौकातल्या न्यू ग्रामोफोन हाउसमध्ये जुन्या एलपी चाळताना काळ्याऐवजी राखाडी झालेल्या तबकड्या हाताला लागतात, त्या त्याच काळाच्या.

शौकीन मंडळी तेव्हाही वेगळं काही वापरत होती. त्यांच्याकडे मॅग्नेटिक कार्ट्रिज असे, दीड-दोन ग्रॅमवर चालणारं. बाहेर पडणारा सिग्नल मात्र अवघा चार-पाच मिलिव्होल्टचा. तो किमान शंभरपट मोठा केल्याशिवाय अँप्लिफायर त्याची दखलच घेत नाही. नुसता मोठा करूनही भागत नाही. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर खाच इतकी रुंद वळणं घेते की एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मावणार नाहीत. वरचे सूर मुद्दाम उचललेले असतात, नाहीतर ते पृष्ठभागाच्या खरखरीत बुडतात. वाजवताना हे सगळं उलटं करायचं. किती उलटं, याचा हिशेब अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, आरआयएएने, १९५४ मध्ये बांधून दिला आणि जगाने तो स्वीकारला. १००० हर्ट्झला शून्य धरलं तर २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वर आणि २०,००० हर्ट्झला जवळपास तितकेच खाली. आपल्याकडच्या एलपी त्यानंतरच्या, त्यामुळे एचएमव्हीच्या डमडमच्या कारखान्यात छापलेल्या एलपीला हाच वक्र लागतो.

ऐंशीच्या दशकापर्यंत फोनो प्रीअँपचं हे काम अँप्लिफायरच्या पोटातच होत असे. कोलकात्याची सोनोडाइन (स्थापना १९७०), मुंबईच्या कॉस्मिक आणि नॉर्ज या कंपन्यांच्या अँप्लिफायरना फोनोची खाच असे, बाजूला जमिनीच्या तारेचा स्क्रू असे. परदेशी कार्ट्रिज मिळवणं हीच खरी अडचण होती. परदेशातून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत शुअरची सुई येई, तीही सांभाळून, कारण तिच्यावर पुढची पाच वर्षं काढायची असत. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणंच थांबवलं तेव्हा त्या पिढीतल्या काही जणांना वाटलेलं दुःख तरुणांना कळलं नाही.

मग कॅसेट आली, आणि ती आली दिल्लीतूनच. दर्यागंजात ज्यांचं रसाचं दुकान होतं, त्यांच्या मुलाने, गुलशन कुमारांनी, १९८३ मध्ये सुपर कॅसेट्स काढली. नोएडातून निघालेल्या टी-सीरिजच्या स्वस्त कॅसेटींनी देशभरातल्या घरांमधून एलपीला हुसकावून लावलं. उरलंसुरलं काम सीडीने केलं. नव्वदीनंतर अँप्लिफायर बनवणाऱ्यांनी फोनोची खाच काढून टाकली. दहा-वीस रुपयांचे सुटे भाग वाचले असतील. सीडी, टीव्ही, ऑक्स अशा खाचा राहिल्या, आणि ज्यांनी टर्नटेबल माळ्यावर टाकलं नव्हतं त्यांना ते जोडायला जागा उरली नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत रेकॉर्डी परतल्या तेव्हा फोनोचा हा भाग वेगळी डबी होऊन परतला. कोटाच्या खिशात मावेल एवढी पत्र्याची पेटी, मागे चार खाचा, एक स्क्रू, एक अडॅप्टर. काही टर्नटेबलांत ती आतच असते. ऑडिओ-टेक्निकाच्या स्वस्त मॉडेलांना मागे फोनो-लाइन असं बटण आहे. बाकीच्यांनी बाहेरून घ्यायची. सगळ्यांत स्वस्त टोकाला बेहरिंगरची पीपी ४००, तिच्या जरा वर एआरटीची डीजे प्री टू, मग प्रो-जेक्ट आणि रेगाच्या डब्या, ही साधारण उतरंड. त्याहून वर जायला मर्यादा नाही. दिल्लीतच लिरिटा ऑडिओ व्हॉल्व्हवर चालणारे अँप्लिफायर हाताने बांधते, पण ते वेगळ्या खिशाचं गाणं.

इतक्या वर्षांच्या ऐकण्यातून माझं एक मत पक्कं झालंय: दिल्लीच्या घरात स्वस्त आणि मध्यम डबीतला फरक वीजजोडणीतल्या फरकापुढे किरकोळ आहे. वक्र अचूक पाळणं ही एके काळी कठीण गोष्ट होती. आता एक टक्का अचूकतेचे रेझिस्टर आणि बरे कपॅसिटर चिल्लर भावात मिळतात, आणि १९७९ पासून बाजारात असलेला एनई ५५३२ हा ऑपअँप आजही या कामाला पुरेसा शांत आहे. लाजपतराय मार्केटमध्ये सुटे भाग घेऊन घरी डबी बांधणारेही आहेत. स्वस्त डबीचा वक्र क्वचितच चुकतो. चुकतं दुसरंच.

त्यातली एक गोष्ट फारसं कोणी पाहत नाही, ती म्हणजे कपॅसिटन्स. मॅग्नेटिक कार्ट्रिजला ४७ किलोओहमचा भार लागतो, तो सगळेच देतात. पण वायर आणि डबी यांचा मिळून कपॅसिटन्स किती होतो यावर वरच्या सुरांची धार ठरते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ ई ला १०० ते २०० पिकोफॅरड हवेत, ऑर्टोफॉनच्या टूएम रेडला १५० ते ३००. मीटरभर वायरच शंभरेक खाऊन जाते. डबीत आणखी दोनशे असतील तर पहिल्या कार्ट्रिजचे वरचे सूर टोचायला लागतात, आणि माणूस दोष रेकॉर्डला देतो. तार सप्तकातला ‘सा’ कानाला जरा कर्कश वाटला की गायिकेचं वय झालं असं म्हणण्याआधी हा आकडा बघावा. डीजे प्री टूमध्ये १०० आणि २०० यांतलं निवडायचं बटण आहे, शिवाय आवाज जुळवायची कळ आणि खालची घरघर कापायचा फिल्टर. एवढ्या किमतीत ही सोय मला दागिन्यासारख्या ॲल्युमिनियमच्या डब्यापेक्षा मोलाची वाटते. पीपी ४०० मध्ये यातलं काही नाही. जे आहे ते स्वीकारायचं, आणि पुष्कळ कार्ट्रिजांना ते चालतं.

दुसरी गोष्ट घूं. ही दिल्लीकरांची खास मिरास. आपली वीज ५० हर्ट्झची. आरआयएएचा वक्र ५० हर्ट्झला सुमारे १७ डेसिबल उचलतो आणि १०० ला १३. म्हणजे भिंतीतून जी काही गळती येईल तिला हा वक्र हात धरून वर चढवतो. पाश्चात्त्य रॉकमध्ये ती ढोलाखाली झाकली जाते. आपल्याकडे नाही, कारण आपल्याकडे तानपुरा आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज १३८ हर्ट्झच्या आसपास, तानपुऱ्याचा मंद्र पंचम त्याच्या पाऊणपट, साधारण १०४. विजेच्या दुपटीतली घूं १०० वर. चार हर्ट्झने उतरलेला एक पंचम सबंध विलंबित ख्यालभर तानपुऱ्याशेजारी बसून राहतो, आणि कान सारखा तिकडेच ओढला जातो. विदेशी परीक्षणांत ज्या डबीला ‘बास भरदार’ अशी शाबासकी मिळते, ती ख्यालाला चालेलच असं नाही.

घूं येते कुठून? जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनेमागे अर्थिंग नसतंच, किंवा कधी काळी नळाला बांधलेलं असतं आणि नळ आता प्लास्टिकचा झालेला असतो. त्याहून छुपा गुन्हेगार म्हणजे सेट-टॉप बॉक्स. डिशची केबल गच्चीवर कुठेतरी जमिनीला टेकलेली असते, टीव्ही अँप्लिफायरला जोडलेला असतो, अँप्लिफायर भिंतीतल्या अर्थला. दोन जमिनी, मध्ये फिरणारा प्रवाह. डबी बदलून काही होत नाही. डिशची केबल क्षणभर काढून पाहा, पैसे वाचतील. चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर लागला की घूं जाऊन भुरभुर सुरू होते, आणि ती अडॅप्टरच्या वाटेने आत शिरते.

नोएडा-गुडगावच्या सोसायट्यांत आणखी एक तऱ्हा आहे. उन्हाळ्यात वीज जाते, जनरेटर लागतो, दिवे क्षणभर मिचमिचतात. ज्यांच्या टर्नटेबलची मोटर एसीवर सिंक्रोनस चालते त्यांचा वेग विजेच्या वारंवारतेला बांधलेला असतो. जनरेटर ५१ वर धावला तर सूर दोन टक्क्यांनी, म्हणजे सर्वांत लहान श्रुतीहून जास्त, वर चढतो. अमेरिकेतून सामानात आणलेलं अशा मोटरचं टर्नटेबल ६० ची पुली न बदलता इथे लावलं तर ३३ ऐवजी जेमतेम २८ फेरे घेतं आणि लताबाई हेमंतकुमारांसारख्या वाटू लागतात. याचं खापर बिचाऱ्या प्रीअँपवर फोडणारे मी पाहिलेत.

डबी घ्यायची तर दुकानात गाणं ऐकून नव्हे, गाण्याशिवाय ऐकून घ्यावी. सुई वर, आवाज नेहमीपेक्षा बराच चढवलेला, कान स्पीकरपासून हातभर लांब. हलकी सूंसूं सगळ्याच डब्या करतात. स्थिर घूं असेल तर टर्नटेबलची बारीक जमिनीची तार स्क्रूला लागली आहे का ते बघायचं, मग डबी अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून दोन फूट दूर सरकवायची. तरीही राहिली तर घरी नेऊन परत करता येईल का ते विचारून ठेवायचं, कारण दुकानाची वीज आणि तुमची वीज वेगळी. आणि मग एकच रेकॉर्ड, ओळखीची. मी किशोरीताईंचा जौनपुरी लावतो. आलापीतल्या विश्रांतीच्या जागा, जिथे फक्त तानपुरा उरतो, तिथे डबी उघडी पडते. आलाप संपेपर्यंत निकाल लागलेला असतो, द्रुतपर्यंत थांबावं लागत नाही.

हे सगळं एलपीपुरतं. आजोबांच्या ट्रंकेतून निघालेल्या बालगंधर्वांच्या ७८ च्या तबकड्या या डबीत घातल्या तर आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा येतो. त्या आरआयएएच्या आधीच्या. त्यांत वरचे सूर उचललेलेच नव्हते, तरी डबी ते इमानेइतबारे दाबते. त्यांना जवळजवळ तिपटीने रुंद सुई लागते, ७८ चा वेग लागतो आणि वक्र बदलता येणारा प्रीअँप लागतो. स्वस्तात ते जमवायचं तर सपाट, वक्राविना सिग्नल संगणकात घ्यायचा आणि तिथे हिशेब लावायचा. तबकड्या दुर्मीळ असतील तर त्यावर स्वतः हात साफ करण्याआधी गुरुग्रामच्या एथ्नोम्युझिकॉलॉजी अर्काइव्हमध्ये किंवा फिरोजशाह रोडवर संगीत नाटक अकादमीत चौकशी केलेली बरी.