कुंडीतला पांढरा थर : बुरशी की क्षार?

शाळेच्या व्हरांड्यातील कुंडीत मातीवर पांढरा थर दिसला की बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द येतो : बुरशी! मग कोणीतरी शेतावर उरलेली फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन येतो. जामनेरसारख्या कापूस-केळीच्या भागात अशी बाटली घरी असणे नवलाचे नाही. परंतु हा थर खरोखरच बुरशीचा आहे का? आणि असला, तरी झाडाला त्याचा धोका आहे का? औषधाआधी या दोन प्रश्नांची उत्तरे शोधायला हवीत.

प्रथम नीट पाहू. बुरशी कापसासारखी मऊ असते; भिंगातून तिचे बारीक तंतू दिसतात. ती बहुधा पावसाळ्यात, सावलीतल्या ओल्या कुंडीत, शेणखताच्या तुकड्यांवर वाढते. क्षारांचा थर मात्र कडक, खरखरीत असतो. तो उन्हाळ्यात वाढतो व कुंडीच्या काठावर, मातीच्या कुंडीच्या तर बाहेरच्या अंगावरही दिसतो.

आता दोन सोपे प्रयोग करू. थर खरवडून त्यावर लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले, तर त्यात चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आहे. मात्र आपल्या काळ्या मातीत मुळातच चुनखडी असते. म्हणून कुंडीतील खोलवरच्या मातीवरही तोच रस टाकून तुलना करा. बुडबुडे आले नाहीत, तर थर थोड्या पाण्यात ढवळा, गाळा आणि ते पाणी काचेवर वाळू द्या. काचेवर पांढरा डाग उरला, तर विरघळणारे क्षार सापडले. हाच प्रयोग शेजारी नुसत्या पाण्यावरही करा. नाहीतर पाण्यातलेच क्षार मातीच्या नावावर जमा होतील.

हे क्षार येतात कोठून? कूपनलिकेचे पाणी खडकांच्या भेगांतून झिरपताना क्षार विरघळवून घेते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले घटक लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोय नसल्यास 2000 पर्यंत चालतात. समजा, 500 मिलिग्रॅमचे पाणी आपण कुंडीला रोज अर्धा लिटर घातले. रोज 250 मिलिग्रॅम, म्हणजे 100 दिवसांत 25 ग्रॅम क्षार कुंडीत गेले. पाणी वाफ होऊन उडते, क्षार उडत नाहीत. थोडे झाड घेते, थोडे खालच्या छिद्रातून वाहून जातात, उरलेले साचतात. ते फार वाढले की मुळांना पाणी ओढून घेणे जड जाते आणि पानांच्या कडा करपतात. उपाय साधा आहे : थर खरवडून काढावा आणि कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट पाणी सावकाश घालून खालून वाहू द्यावे. त्यासाठी पावसाचे पाणी सर्वांत चांगले.

थर बुरशीचाच निघाला तरी घाबरण्याचे कारण नाही. मातीवर दिसणारी बहुतेक बुरशी मृतोपजीवी असते. ती कुजलेला पाला व शेणखत खाते, जिवंत मुळे नव्हे. उलट तिच्यामुळे खतातील पोषक द्रव्ये मोकळी होतात. मात्र ती एक निरोप देते : ओल जास्त झाली आहे. याच ओलीत मुळे कुजवणारी पिथियमसारखी सूक्ष्मजीवसृष्टी आत, डोळ्यांआड वाढते. एक अपवाद लक्षात ठेवावा. खोडाच्या बुंध्याशी पांढरे जाळे आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती स्क्लेरोशियम बुरशी समजावी. भुईमुगाची खोडकुज करणारी तीच. असे झाड मातीसकट वेगळे काढून नष्ट करावे.

ओलीबरोबर बारीक काळी चिलटेही येतात. त्यांच्या काळ्या डोक्याच्या पांढुरक्या अळ्या बुरशी आणि कोवळी मुळे खातात. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवून दोन-तीन दिवसांनी उलटून पाहा. अळ्या असतील तर खाली सापडतील.

या सर्वांवर पहिला उपाय एकच : मातीत बोट खुपसून पाहावे, वरचे पेरभर कोरडे झाल्याशिवाय पाणी घालू नये. काळी माती ओली झाली की फुगते, तिच्यातून हवा खेळत नाही. म्हणून तिच्यात जाड वाळू आणि पूर्ण कुजलेले खत मिसळावे व कुंडीचे छिद्र मोकळे ठेवावे. बुरशी खरवडताना नाकावर ओला रुमाल बांधावा. दमेकरी मुलांना हे काम देऊ नये.

शेतीचे कीटकनाशक मात्र वर्गाजवळ आणूच नये. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. जे मोकळ्या शेतात घडले, त्या विषाला बंद वर्गात मुलांच्या हाताशी जागा असू शकत नाही. क्षारांवर तर त्याचा काही उपयोगही नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग : सारख्या माती-खताच्या तीन कुंड्या घ्या. पहिलीला रोज पाणी द्या, दुसरीला माती वाळल्यावर, तिसरीलाही वाळल्यावरच, पण साठवलेले पावसाचे पाणी. तिन्ही एकाच जागी ठेवून महिनाभर नोंदी करा. बुरशी कोठे आली, क्षार कोठे साचले, याचे उत्तर मुलांच्या वहीतच मिळेल, आणि औषधाची बाटली उघडावी की नाही, हेही मुलेच सांगतील.