वजनाच्या बैठका आणि हातांच्या मुंग्या

सातारा-सांगलीकडील सुशिक्षित घरांना व्यायामाचें महत्त्व नव्यानें सांगण्याचें कारण उरलेलें नाहीं. औंध संस्थानचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा इतक्या हिरीरीनें प्रचार केला, कीं त्यांचें नांव आणि नमस्कार हीं दोन्ही या भागांत एकाच श्वासांत उच्चारलीं जातात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत कुस्तीचें कांस्यपदक मिळवून तालमींतल्या जोर-बैठकांचें चीज केलें. पण आजोबांच्या नमस्कारांशेजारीं आतां नातवाचा, आणि कित्येक घरांत नातीचाही, एक निराळाच व्यायाम येऊन बसला आहे. लांब पोलादी दांडी मानेमागें खांद्यांवर आडवी घ्यावयाची, तिच्या दोन्ही टोकांना लोखंडी चकत्या चढवावयाच्या, आणि तो सारा भार पेलीत खालीं बसून पुन्हां उभें राहावयाचें. जिममधलीं मुलें यास स्क्वॉट म्हणतात. आम्ही वजनाच्या बैठका म्हणूं.

सांगलीस तर या पोलादी दांडीचा विशेष अभिमान आहे. ३० जुलै २०२२ रोजीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत ५५ किलो गटांत सांगलीच्या संकेत सरगर यांनीं एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळविलें. सुवर्णपदक मलेशियाच्या स्पर्धकास २४९ किलोंवर गेलें. अंतर अवघ्या एका किलोचें. दुसऱ्या प्रकाराच्या दुसऱ्या प्रयत्नांत त्यांच्या कोपरास इजा झाली होती, तरी ते तिसऱ्या प्रयत्नास उभे राहिले. ती इजा सांध्याची; आजच्या आमच्या विषयाशीं तिचा सरळ संबंध नाहीं. पण दुखऱ्या हातानें पुन्हां दांडीस भिडण्याचें तें धाडस ज्या मुलांनीं पाहिलें, त्यांना हातांस येणाऱ्या मुंग्या म्हणजे कांहींच वाटत नाहींत, आणि अडचण तेथेंच सुरू होते.

तक्रार बहुधा अशी असते. मुलगा वा मुलगी चारदोन महिने व्यायामशाळेंत जाऊं लागलेली असते. वजन थोडें वाढतें, आणि एके दिवशीं चवथ्या-पांचव्या बैठकेस हातांत झिणझिण्या येतात. दांडी जागेवर ठेवली कीं मिनिटाभरांत सर्व पूर्ववत् होतें. पुढच्या आठवड्यांत करंगळी थोडी अधिक वेळ बधिर राहते. ही गोष्ट घरांत कळली, कीं दोन तट पडतात. वडील माणसांचा पक्ष म्हणतो, "वाताचा झटका यायचा, बंद करा तें लोखंड!" तरुणांचा पक्ष म्हणतो, "सगळ्यांनाच होतं, सवयीनं जाईल." आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं एक साधा प्रश्न विचारावयाचें राहून जातें: मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात?

तो प्रश्न कां महत्त्वाचा, हें समजण्यास हातांतील ज्ञानतंतूंचा मार्ग थोडक्यांत पाहिला पाहिजे. हे तंतु मानेच्या मणक्यांमधील फटींतून निघतात, मानेच्या बाजूच्या स्नायूंमधून उतरतात, गळपट्टीचें हाड आणि पहिली बरगडी यांच्या सांदींतून जातात, छातीच्या एका लहान स्नायूखालून काखेंत येतात आणि तेथून दंडांत शिरतात. पुढें एक तंतु कोपराच्या आंतल्या बाजूस हाडामागील खोबणींतून जातो. कोपर आपटलें असतां करंगळीपर्यंत जी झणझणीत कळ जाते, ती याचीच. दुसरा मनगटाच्या अरुंद बोगद्यांतून तळहातांत उतरतो. कोंडी होण्याच्या जागा अशा अनेक. गाऱ्हाणें मात्र बोटेंच करतात. खंबाटकीच्या घाटांत वाहनें अडलीं तर साताऱ्याच्या स्थानकांत गाडीस उशीर होतो. म्हणून कोणी स्थानकाची दुरुस्ती काढीत नाहीं. हातांस मुंग्या आल्या म्हणून नुसतें बोटांना तेल चोळणें हा त्यांतलाच प्रकार होय.

करंगळी आणि तिच्याशेजारच्या बोटाची बाजू बधिर होत असेल, तर संशय प्रथम कोपराच्या खोबणीवर घ्यावा. अंगठा, तर्जनी आणि मधलें बोट असेल, तर मनगटावर, किंवा मानेवर. सारा हातच जड होऊन झिणझिणत असेल, तर गळपट्टीच्या हाडाच्या आसपास पाहावें. हें निदान नव्हे, केवळ दिशा. पण वैद्याकडे जातांना एवढी माहिती बरोबर असली तर त्याचें अर्धें काम होतें.

आतां आपल्या तालमींतली बैठक आठवून पाहा. तींत हात मोकळे; ते पुढेंमागें झुलतात, तोल सांभाळतात. पैलवान शेंकड्यांनीं बैठका मारतो, पण त्यापायीं हात बधिर झाल्याची तक्रार कानीं येत नाहीं. वजनाच्या बैठकेंत पायांचें काम तेंच, मात्र हातांस कैद. खांदे मागें ओढलेले, कोपरें घट्ट दुमडलेलीं, मनगटें मागें मुरडलेलीं. कोपर पुरतें दुमडलें कीं त्या खोबणींतला तंतु ताणला जातो. त्यांत दांडीचें वजन पाठीऐवजीं तळहातांवर पेललें, तर मनगटाच्या बोगद्यावरही दाब येतो. वास्तविक वजन पेलावयाचें पाठीनें. हात हे केवळ दांडी घसरूं नये म्हणून ठेवलेले पहारेकरी. नवशिक्यांपैकीं बरेच जण या पहारेकऱ्यांनाच हमाल करतात!

दुसरी चूक दांडीच्या जागेची. मान वांकविली असतां तिच्या मुळाशीं जें हाड बोटांस टोंचतें, त्यावर दांडी कधींही ठेवूं नये. तिच्याखालीं, खांदे किंचित् मागें घेतल्यावर जी मांसल गादी वर येते, ती तिची खरी जागा. तिसरी चूक डोक्याची. वर उठतांना छताकडे पाहण्याची कित्येकांस खोड असते. मान अशी मागें मोडली, कीं मणक्यांतील फटी आकुंचित होतात आणि तंतूंच्या मुळांवर दाब येतो. आणि एक कारण व्यायामशाळेच्या बाहेरचें आहे. दिवसभर मोबाइलवर वा संगणकावर वांकून बसणाऱ्या मुलाची छाती आखडलेली व खांदे पुढें आलेले असतात. तेच खांदे सायंकाळीं तो एकदम मागें खेंचतो. खांद्यावर जड पिशवी अडकवून मंडईंतून घरीं आलेल्या बाईच्या हातांस जी बधिरता येते, तिचें आणि याचें मूळ पुष्कळदां एकाच सांदींत सांपडतें.

परीक्षा घरींच घेतां येते. एक लांब काठी घ्यावी, झाडूचा दांडा असला तरी चालेल. ती दांडीसारखी पाठीवर ठेवून, हात नेहमींच्या अंतरावर धरून, आठ-दहा बैठका सावकाश काराव्या. काठीनेंही मुंग्या आल्या तर दोष वजनाचा नव्हे, ठेवणीचा. मग दोन्ही हात चार-चार बोटें बाहेर सरकवावे व पुन्हां पाहावें. हात रुंद झाले कीं कोपराची घडी सैल पडते आणि खांद्यांवरचा ताण उतरतो. मनगट हाताच्या रेषेंत सरळ ठेवावें. अंगठा दांडीखालून न घेतां वरूनच टेकविला तर कित्येकांना तें सोपें जातें. कोपरें मागें उंच उचलूं नयेत. नजर समोर, हनुवटी किंचित् आंत. दाराच्या चौकटीस दोन्ही बाजूंनीं हात टेकवून छाती हळूहळू पुढें झुकविण्याचा ताण रोज अर्धा अर्धा मिनिट दोन-तीनदां घ्यावा. फरक पडावयास दिवस नव्हे, आठवडे लागतात.

मुलींसंबंधीं एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. स्पर्धेची पुरुषांची दांडी २० किलोंची व २८ मिलिमीटर जाडीची, तर स्त्रियांची १५ किलोंची व २५ मिलिमीटर जाडीची असते. लहान गांवांतील व्यायामशाळांत बहुधा पहिलीच असते, आणि शिक्षक ती सर्वांच्या खांद्यांवर देतो. कोऱ्या दांडीचे २० किलो हेंही वजनच आहे, याचा त्यास विसर पडतो. चकत्या वाढविण्यापूर्वीं हातांची ठेवण पाहील तोच शिक्षक, असें आम्ही समजतों.

इतकें करूनही त्रास राहिला, तर पायांचा व्यायाम सोडण्याचें कारण नाहीं. एकच वजन दोन्ही हातांनीं छातीशीं धरून बैठका काढतां येतात. दांडी पुढें खांद्यांवर घेऊन तिच्यावर हातांची चौकडी करतां येते. आणि आपली बिनवजनी बैठक कोठें गेली आहे? पंधरा दिवस तिच्याकडे परत गेल्यानें कोणाची ताकद आटत नाहीं.

कांहीं लक्षणें मात्र अशीं आहेत कीं त्यांपुढें ठेवणीची चर्चा बंद करून डॉक्टरांकडे जावें. दांडी ठेवल्यावरही बधिरता तासन्‌तास टिकणें, रात्रीं झोंपेंतून जाग येणें, मूठ ढिली पडून हातांतून कप निसटणें, सदऱ्याच्या गुंड्या लावतांना बोटें न ऐकणें, मानेपासून हातापर्यंत कळ येणें, हीं तंतु खरोखर दबल्याचीं चिन्हें असूं शकतात. दोन्ही हात वेंधळे होऊन चालतांना पायही अडखळूं लागले, तर मज्जारज्जूवर दाब असण्याची शंका घ्यावी. तेथें एक दिवसाचाही विलंब नको. व्यायामानंतर एकच दंड सुजून निळसर झाला, तर तो रक्तवाहिनींतील गुठळीचा प्रकार असूं शकतो, आणि तोही तांतडीचा. छातींत दडपण, घाम व धाप यांसह डावा हात भरून आला, तर वय तरुण आहे म्हणून थांबूं नये. सरळ रुग्णालय गांठावें. सांगलीकरांस मिरज हांकेच्या अंतरावर आहे, पण जतच्या किंवा पाटणच्या बाजूच्या खेड्यांतून निघावयाचें तर वेळ जातो. म्हणून हीं चिन्हें घरांतल्या सर्वांना ठाऊक असावीं.

आमच्या शाकाहारी घरांसाठीं आणखी एक तपासणी सांगून ठेवतों. मुंग्या केवळ बैठकांच्या वेळीं न येतां एरवींही येत असतील, विशेषतः पायांच्या बोटांनाही येत असतील, तर रक्तांतील ब-१२ जीवनसत्त्व मोजून घ्यावें. हें जीवनसत्त्व वनस्पतिज अन्नांत जवळजवळ नसतें. शाकाहाऱ्यांस तें मुख्यत्वें दूध, दही, ताक यांतून मिळतें, आणि चहापुरतेंच दूध घेणाऱ्या मुलांना तें पुरें पडत नाहीं. त्याची उणीव दीर्घकाळ राहिली तर ज्ञानतंतूंची हानि होते, आणि फार उशीर झाल्यास ती पुरती भरून येत नाहीं. त्याच वेळीं रक्तांतील साखर व थायरॉइडही पाहून घ्यावें, कारण मधुमेहांतही सुरुवात मुंग्यांनींच होते. ब-१२ ची उणीव निघालीच, तर एकट्या मुलाची गोळी आणून थांबूं नये. एकाच चुलीवर जेवणाऱ्या घरांत ती बहुधा एकट्याची नसते. आजी-आजोबांचेंही रक्त तपासून घ्यावें.