गोठ्यातलं चित्रघर

पैठणहून खाली उतरलेली गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड करत आमच्या परभणी जिल्ह्यातून नांदेडकडे जाते. या पैठणचं नाव एका चित्रशैलीला बराच काळ चिकटून राहिलं. मोठाल्या डोळ्यांचे, बाजूने रेखलेल्या चेहऱ्यांचे राम-रावण, बाणांची दाटी झालेली युद्धं, मागे कोरा कागद, अशी ही चित्रं. पुण्यात दिनकर केळकरांनी जमवलेल्या संग्रहात ती आहेत, परदेशातल्या संग्रहालयांतही आहेत. त्यांना ‘पैठण चित्रं’ म्हणत. आना दालापिकोला यांनी 1980 मध्ये या चित्रांवर जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला, त्याच्या शीर्षकातही पैठणच आहे. त्यानंतर चारच वर्षांनी, 1984 मध्ये, व्हॅलेंटिना स्टाखे-रोझेन यांनी याच परंपरेवर लेख लिहिला तेव्हा शीर्षकात गावाचं नाव आलं ते पिंगुळी. मराठवाड्याचा म्हणून मला या चित्रांची ओढ पैठणच्या नावामुळे लागली आणि त्यांचा माग काढताना मी कोकणातल्या एका गोठ्यापाशी येऊन थांबलो.

पिंगुळी हे सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळ शहराला लागून असलेलं गाव. मुंबई-गोवा महामार्ग जवळून जातो, कोकण रेल्वेचं कुडाळ स्थानकही हाकेच्या अंतरावर. गावातल्या गुढीपूर वाडीत ठाकर आदिवासी समाजाची वस्ती आहे. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, राधानृत्य, पांगुळबैल अशा कला या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. सावंतवाडीच्या भोसले संस्थानाचा त्यांना आश्रय होता. कोणत्या देवळात कोणी कथा सांगायची हे ठरलेलं असे. तो मान घराण्यात वारशाने येई आणि नवरात्रात तो बजावलाच जाई.

चित्रकथी सादर होते कशी, हे एकदा तरी समोर बसून पाहावं. एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे कागदाला ताठपणा येतो आणि दोन्ही बाजू वापरता येतात. सूत्रधार एकेक चित्र पुढे धरतो, गातो, निरूपण करतो. साथीला वीणा, टाळ, हुडूक. एक प्रसंग संपला की चित्र उलटलं. ही रीत किती जुनी असावी? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 12व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. या चालुक्यांच्या राज्यात आजचा मराठवाडाही होता. म्हणजे परभणीच्या वाटांवरूनही असे कथेकरी फिरले असतील, असं मला वाटतं.

संस्थानं विलीन झाली आणि आश्रय गेला. मग सिनेमा आला, दूरचित्रवाणी आली. रात्रभर बसून आख्यान ऐकणारं गाव उरलं नाही. त्याच सुमारास संग्राहकांचं लक्ष या चित्रांकडे गेलं आणि जुन्या पोथ्या घराबाहेर जाऊ लागल्या. पोट भरलेलं नसलं की माणूस पोथी विकतो, यात त्याला दोष देता येत नाही. मात्र पोथी विकली गेली की ती पाहून शिकणाऱ्या पोराचं शिक्षणही तिथेच थांबतं. काचेमागे गेलेलं चित्र टिकतं, पण त्याच्याबरोबर जाणारं गाणं ऐकायला कोणी उरत नाही.

परशुराम गंगावणे यांचं मोठेपण मला इथे दिसतं. घरातल्या पोथ्या, बाहुल्या, वाद्यं त्यांनी राखली आणि 2006 मध्ये आपल्याच गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. नाव ठेवलं ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. सरकारी इमारतीची किंवा कोणा देणगीदाराची वाट न पाहता, हाताशी होती ती जागा त्यांनी कलेला दिली. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची मुलं या कामात आहेत. चित्रं काढणं, खेळ करणं, आलेल्यांना शिकवणं, चित्रांची विक्री, हे सगळं घरातच चालतं. आलेल्या पाहुण्याला तिथे मुक्कामही करता येतो.

अशा घराचं पोट कशावर चालतं, याचा विचार आपण कलेविषयी बोलताना सहसा टाळतो. नुसत्या प्रवेशशुल्कावर संग्रहालय उभं राहत नाही. थोडे पैसे खेळाचे, थोडे विकलेल्या चित्रांचे, थोडे कार्यशाळेचे आणि थोडे पाहुण्यांच्या मुक्कामाचे, असं मिळून वर्ष निघतं. त्यातही कोकणचा हंगाम ठरलेला. मे महिन्याची सुट्टी, गणपती, दिवाळी, नाताळ. जून-जुलैच्या धुवांधार पावसात पर्यटक फारसे फिरकत नाहीत, आणि दमट हवेत कागद आणि चामडं दोन्ही जपावी लागतात. पाहुणा राहिला की घराचं घरपण थोडं कमी होतं, हेही खरं. दाराला येणारा-जाणारा कायमचा. आणखी एक गोष्ट मला मनापासून वाटते. कुठल्याही घरगुती कलादालनात चित्राखाली नाव बहुधा पुरुषाचं असतं, पण पाहुण्याच्या पानात पडणारी भाकरी, सोलकढी आणि खोलीतली स्वच्छ चादर यामागे घरातल्या बायकांचे हात असतात. त्या श्रमांचीही मोजदाद कलेच्या खात्यातच व्हायला हवी.

पिंगुळीहून विसेक किलोमीटरवर सावंतवाडीचा राजवाडा आहे. तिथेही हीच गोष्ट वेगळ्या घरात घडली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफांची, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची, मरू घातलेली कला उचलून धरली. दरबार हॉलमध्ये कारागीर बसवले. आज राजवाड्याच्या आवारात पाहुण्यांना राहता येतं. एकेकाळी आश्रय देणारं घराणं आणि आश्रय घेणारी वाडी, दोघांनाही शेवटी मार्ग सापडला तो एकच: कला घरात ठेवायची आणि दार पाहुण्याला उघडायचं. ओडिशातलं रघुराजपूर, पश्चिम बंगालमधल्या पिंगला भागातलं पटुआंचं नया गाव, इथेही घर हेच चित्रशाळा आणि घर हेच दुकान आहे. बंगालचा पटुआ तर आमच्या चित्रकथीचा सख्खा भाऊच. चित्राची गुंडाळी उलगडत तोही गातो.

काही जाणकार याला कलेचं बाजारीकरण म्हणतात. मला ते पटत नाही. चित्रकथी आधीही पाहुणचारावरच जगत होती. फरक इतकाच की तेव्हा कलावंत पोथी काखेला मारून गावोगाव जायचा, देवळाच्या ओवरीत उतरायचा आणि गाव त्याला शिधा द्यायचं. आता गाव त्याच्याकडे उतरायला येतं. कलावंत यजमान झाला. दारोदार हिंडणाऱ्याकडे तुच्छतेने पाहणाऱ्या समाजात ही छोटी गोष्ट नाही. स्वतःच्या अंगणात उभा राहून तो सांगतो तेव्हा किती सांगायचं, कधी थांबायचं, हे तो ठरवतो.

आमच्या परभणीत अशी कलावंत माणसं नाहीत का? आहेत. गोंधळाच्या अभ्यासकांना परभणीचे राजारामभाऊ कदम गोंधळी यांचं नाव सांगावं लागत नाही. संबळ, तुणतुणं आणि दिवटी घेऊन रात्र-रात्र आख्यान उभं करणारी ही परंपरा. वासुदेव, बहुरूपी, पोतराज फेब्रुवारीतल्या तुराबुल हक साहेबांच्या उरुसात आणि गावोगावच्या जत्रांत दिसतात आणि जत्रा उठली की दिसेनासे होतात. त्यांना भेटायला कुठे जायचं, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे पत्ता नसतो.

जिल्ह्यात बाहेरून माणसं येत नाहीत, असंही नाही. गंगाखेडला जनाबाईच्या दर्शनाला वारकरी येतात. पाथरीला साईबाबांचं जन्मस्थान मानणारे साईभक्त येतात. जानेवारी 2020 मध्ये पाथरीसाठी 100 कोटींच्या आराखड्याची घोषणा झाली, तेव्हा शिर्डीकरांनी बंद पाळण्यापर्यंत वाद गेला होता. त्याच वर्षी राज्याचं कृषी पर्यटन धोरणही आलं. त्याचा भर शेतकऱ्यावर आहे, आणि गोंधळी, वासुदेव यांतल्या कित्येकांच्या नावावर सातबाराच नाही.

पण या समाजांसाठी एक योजना 2011 पासून कागदावर आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना. विमुक्त आणि भटक्या जमातींच्या भूमिहीन कुटुंबांना वसाहतीत प्रत्येकी 5 गुंठे जमीन आणि 269 चौरस फुटांचं घर, असं तिचं स्वरूप. 5 गुंठे म्हणजे साधारण साडेपाच हजार चौरस फूट. घर बांधून पाच हजारांहून अधिक फूट अंगण उरतं. त्यात एक पत्र्याची शेड, भिंतीवर संबळ-तुणतुणी, पूर्वजांच्या तसबिरी, बसायला सतरंजी आणि मुक्कामाला येणाऱ्यासाठी दोन खोल्या सहज मावतात. पाथरी ते गंगाखेडच्या पट्ट्यात गोदावरीच्या काठी अशी एक वसाहत कलावंत कुटुंबांसाठी मागता येईल. जिल्हा परिषद, समाजकल्याण आणि पर्यटन यांनी एका टेबलाशी बसायला हवं, आणि त्या टेबलाशी पहिली खुर्ची गोंधळ्याची हवी. तिथे बसण्याआधी सगळ्यांनी एकदा कुडाळची गाडी धरून गुढीपूरचा तो गोठा पाहून यावा.