लाँचीचा पंप उघडतो तेव्हा

१ जूनला मासेमारी बंदी लागते आणि देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या यांत्रिक नौका किनाऱ्याला येतात. ३१ जुलैपर्यंतचे हे ६१ दिवस दुरुस्तीचे. जाळी उतरतात, तळाला चिकटलेली कालवं खरवडली जातात, लाकडाला रंग आणि पंख्याला नवी बुश लागते. याच दिवसांत इंजिनाच्या कडेला बसवलेला एक जड नग कपलिंगपासून सोडवून, गोणपाटात गुंडाळून कारागिराकडे नेला जातो. तो हाय प्रेशर फ्युएल इंजेक्शन पंप. बंदरावर त्याला नुसतं 'पंप' म्हणतात, आणि ऐन हंगामात 'पंप गेलो' एवढं ऐकलं तरी तांडेलाचा, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाचा, चेहरा उतरतो. इंजिनातले इतर बरेचसे भाग बंदरावर, वेळ पडली तर समुद्रातही, खोलून निभावता येतात. पंपाचं तसं नाही.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापवली जाते की तिच्यात डिझेलचा फवारा पडताच ते पेटतं. त्या दाबलेल्या हवेत डिझेल घुसवायचं तर त्याहून कितीतरी जास्त दाब हवा. जुन्या पद्धतीच्या इंजिनांत नोझल साधारण २०० बारला उघडतं. समुद्रात दोन हजार मीटर खोल गेल्यावर पाण्याचा जो दाब असतो, तेवढा हा दाब. सहा सिलिंडरचं इंजिन १५०० फेऱ्यांनी चालत असेल, तर पंपाला प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला ७५० वेळा, म्हणजे तासाला ४५ हजार वेळा डिझेल द्यावं लागतं. एका वेळचं डिझेल जेमतेम एक-दोन थेंब. सहाही सिलिंडरना ते सारखं मिळालं पाहिजे आणि नेमक्या क्षणी मिळालं पाहिजे.

रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये आपलं इंजिन चालवून दाखवलं तेव्हा असा पंप नव्हता. दाबलेल्या हवेच्या झोताने तो इंधन आत ढकलत असे, आणि त्यासाठी इंजिनाला अवजड कॉम्प्रेसर जोडावा लागे. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १९२७ मध्ये इंजेक्शन पंपांचं मालिका उत्पादन सुरू केलं, आणि मग डिझेल इंजिन ट्रकमध्ये आणि लहान बोटीत मावू लागलं. आपल्याकडे १९५१ मध्ये मायको ही कंपनी स्थापन झाली. तिचा बंगळूरचा कारखाना पंप करू लागला, पुढे नाशिकचा कारखाना नोझल आणि इंजेक्टर करू लागला. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, तरी सुट्या भागांच्या दुकानात 'मायको' हाच शब्द टिकून आहे. किनाऱ्यावरच्या माणसाने खोल पाण्याकडे जाण्याचं धाडस केलं, त्यामागे या पंपाचा मोठा वाटा आहे. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, जगणाऱ्यांच्या पाण्यात ट्रॉलर घुसले तेही याच ताकदीवर, हेही नोंदवायला हवं.

पंप उघडण्याआधी तो बाहेरून धुऊन लख्ख करायचा आणि सगळी तोंडं बंद करायची. घाईच्या दुकानात नेमकी हीच पायरी गाळली जाते. मग फीड पंप सुटतो, वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचं झाकण निघतं, डिलिव्हरी व्हॉल्व्ह पुलरने वर येतात, टॅपेट अडकवून कॅमशाफ्ट बाहेर काढली जाते. शेवटी हाती येते ती खरी वस्तू: प्लंजर आणि बॅरल, दुकानाच्या भाषेत 'एलिमेंट'. या दोघांतली फट दोन ते चार मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. एवढ्याशा फटीत रबरी सील नाही, पॅकिंग नाही. धातूवर धातू घासून बसवलेला असतो आणि मधे डिझेलचाच पातळ थर असतो. म्हणून ही जोडी जन्माची. एका बॅरलचा प्लंजर दुसऱ्यात घालायचा नाही. प्रत्येक जोडी स्वच्छ डिझेलच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायची आणि पुसायला कापसाचा बोळा घ्यायचा नाही, कारण त्याचा एक धागा आत राहिला तरी पुरे.

एलिमेंट जगलंय की मेलंय, हे पाहण्याची जुनी रीत आहे. डिझेलने ओला प्लंजर बॅरलमधून थोडा बाहेर ओढायचा, बॅरल तिरपं धरायचं आणि प्लंजर सोडून द्यायचा. चांगला प्लंजर स्वतःच्या वजनाने संथपणे खाली उतरतो. झिजलेला धपकन पडतो. मधेच अडला तर गंज किंवा ओरखडा. मालवणी किनाऱ्यावर गंजच जास्त. टाकी अर्धी रिकामी राहिली की दमट हवेतलं पाणी आत साचतं, डब्यातून डिझेल ओतताना खारं पाणी जातं, आणि आरशासारख्या पृष्ठभागावर तपकिरी ठिपका उमटतो. त्या ठिपक्याला पॉलिश पेपर लावणारा माणूस पंप दुरुस्त करत नसतो, मोडीत काढत असतो.

प्लंजरच्या अंगावर एक तिरकी खाच असते. पंपाची सारी हुशारी तिच्यात आहे. प्लंजरची चाल कायम तेवढीच राहते. रॅक, म्हणजे प्लंजर वळवणारा सरकता दांडा, सरकला की प्लंजर फिरतो, आणि ती खाच बॅरलच्या भोकासमोर लवकर किंवा उशिरा येते. खाच भोकाला भिडली की दाब सुटतो आणि पुरवठा तिथेच तुटतो. किती डिझेल जाणार, ते एवढ्यावर ठरतं. बॅरलच्या वर बसलेला डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद होताना नळीतला दाब किंचित मागे ओढतो, त्यामुळे नोझल झटकन मिटतं आणि ठिबकत नाही. नोझल ठिबकू लागलं की सिलिंडरमध्ये काजळी धरते आणि चिमणी काळा धूर ओकते.

जोडताना खुणा पाहाव्या लागतात. प्लंजरच्या खालच्या कानावरची खूण ठरल्या बाजूलाच हवी. तो उलटा बसला तर खाच भलत्या दिशेला जाते, रॅक मागे घेतला तरी डिझेल तुटत नाही, आणि सुरू केलेलं इंजिन बेफाम पळत सुटतं. रॅक अडकला किंवा गव्हर्नर चुकीचा जोडला तरी हेच होतं. म्हणून जाणता मिस्त्री रॅक बोटाने सरकवून पाहतो, पंप तिरपा करून तो आपल्या वजनाने घसरतो का ते बघतो, आणि पहिल्यांदा इंजिन चालू करताना हवेचं तोंड बंद करायला माणूस उभा ठेवतो. आणखी एक धोका कमी लोकांना ठाऊक आहे: नोझलचा फवारा हातावर घेऊ नये. तो कातडीतून सरळ आत शिरतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण आतलं मांस सडू लागतं. बोट वाचवायचं तर त्याच तासात रुग्णालय गाठावं लागतं.

इतकं सगळं नीट जोडलं तरी काम अर्धंच झालेलं असतं. उरलेलं अर्धं टेस्ट बेंचवर होतं. तिथे पंप विजेच्या मोटरने फिरवतात आणि डिझेलऐवजी ठरावीक कॅलिब्रेशन ऑइल ठरलेल्या तापमानाला ठेवून वापरतात. आधी फेजिंग: सहा एलिमेंटचा पंप असेल तर एकाचा पुरवठा सुरू झाल्यापासून पुढच्याचा बरोबर ६० अंशांनी सुरू झाला पाहिजे, फरक अर्ध्या अंशापलीकडे नको. तो टॅपेटवरून जुळवतात. मग हजार स्ट्रोकचं तेल काचेच्या सहा नळ्यांत जमा करतात. पातळ्या समान नसतील तर प्लंजर फिरवणारी बाही थोडी सैल करून, किंचित वळवून पुन्हा मोजायचं. मग हे सगळं आयडलिंगला, पूर्ण भाराला आणि गव्हर्नर तोडतो त्या वेगाला. माझ्या मते कारागीर ओळखावा तो इथे. पंप खोलता अनेकांना येतो. सहाही नळ्यांत एकच पातळी येईपर्यंत न कंटाळता मोजत राहणारा विरळा.

टेस्ट बेंच महाग यंत्र, ते प्रत्येक बंदरात नसतं. त्यामुळे घाईच्या वेळी लाँचवरच, कानाने अंदाज घेऊन रॅकचा स्टॉप स्क्रू फिरवण्याचा मोह होतो. इंजिन जोर धरतं, मालक खूश होतो, आणि डिझेलचा खर्च वाढतो. करसवलतीचं डिझेल घेणाऱ्याचीही तो खर्च पुढे कंबर मोडतो. केरोसीन मिसळण्याची सवय त्याहून वाईट. एलिमेंटला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच, आणि केरोसीनमध्ये ते फारच कमी. १ एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांपुरतं उरलं आहे. गंधक काढताना वंगणाचा नैसर्गिक गुणही जातो, तो रिफायनरीत पूरकं घालून भरून काढतात. अशा डिझेलमध्ये भेसळ करणं म्हणजे ती भरपाई पुसून टाकणं.

नव्या कॉमन रेल इंजिनांत दाब दीड-दोन हजार बारच्या घरात गेला आहे आणि मोजमाप संगणक करतो. तरी किनाऱ्यावर जुनी यांत्रिक पंपांची इंजिनं अजून पुष्कळ चालतात, आणि चालली पाहिजेत, कारण खाऱ्या पाण्यात भिजलेल्या सेन्सरपेक्षा ती जास्त भरवशाची आहेत. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा अभ्यासक्रम आहे. तो शिकलेल्या मुलांना टेस्ट बेंचवर हात बसवण्याची सोय याच किनाऱ्यावर व्हावी, ही मागणी मच्छीमार सहकारी संस्थांनी लावून धरण्यासारखी आहे.

लाँच मालकांना एवढंच सांगणं. फिल्टरच्या तळाचं पाणी रोज सकाळी सोडा. बंदीच्या काळात टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरणार नाही. पंपातल्या ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, त्याला डिझेलचा वास आला, तर एलिमेंट झिजलंय असं समजा आणि हंगाम संपायची वाट पाहू नका. आणि पंप दुरुस्तीहून परत घेताना सहाही एलिमेंटच्या मोजमापाचे आकडे लिहिलेला कागद मागा. तो देणाऱ्या दुकानात चार पैसे जास्त गेले तरी तिथेच जा.