मोटारसायकलसाठी हवेचे गेज घेताना

चादरी-टॉवेलचे गठ्ठे मोटारसायकलला बांधून सोलापुरातून अक्कलकोट, बार्शी, पंढरपूरला जाणारे आमच्या धंद्यात पुष्कळ आहेत. ओझ्याखाली मागच्या चाकात हवा कमी असली की टायर तापतो, कधी फुटतो. मग माल आणि माणूस दोन्ही रस्त्यावर. तरीही पंक्चरवाल्याचे गेज दाखवील ते आम्ही खरे धरतो. ते दिवसातून किती वेळा जमिनीवर आपटते, कोण पाहतो? कापड मोजायची पट्टी आम्ही दुसऱ्याची वापरत नाही. गेजही स्वतःचे असावे.

घेताना डायल किती पौंडांचा आहे ते आधी पाहा. लहान मोटारसायकलींना साधारण पुढे २५, मागे २८ पौंडांच्या आसपास हवा लागते. मागे ओझे असल्यास जास्त. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. गेजमधील फरक बहुधा पूर्ण डायलवर धरतात. २ टक्के फरक म्हणजे ६० च्या डायलवर सुमारे सव्वा पौंड, तर १६० च्या डायलवर सव्वातीन. म्हणून ट्रकचे गेज स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

गेज मोकळे असताना काटा शून्यावर हवा. एकाच चाकाला तीनदा लावून पाहा, आकडा तोच यावा. चुकीचा आकडाही तीनदा तोच येऊ शकतो, तेव्हा खात्रीच्या दुसऱ्या गेजशी ताडून घ्या. आखूड रबरी नळीचे गेज बरे, आऱ्यांमधून व्हॉल्व्हला नीट बसते.

हवा मोजावी सकाळी, गाडी काढण्यापूर्वी. दुपारच्या उन्हात चालवलेल्या टायरमध्ये आकडा तीन-चार पौंड जास्त दिसतो. तो पाहून हवा काढू नये.