टेंडरवर हरकत : कधी, कुठे आणि कोणत्या कागदावर

महाळुंग-श्रीपूर नगरपंचायत झाली आणि गटार, पेव्हर ब्लॉक, पथदिवे, कचरा उचलणे, पाण्याचे टँकर ही कामे गावातल्या छोट्या ठेकेदारांच्या आवाक्यात आली. ठरावीक रकमेपुढचे काम महाटेंडर्स पोर्टलवर ई-निविदेने निघते. तिथे हरलेल्या माणसाच्या तोंडी एकच वाक्य ऐकू येते, "वरूनच ठरलं होतं, आता काय करणार?" त्याला खूप काही करता येते. मात्र त्यासाठी दिवस फार थोडे असतात आणि ते चुकीच्या समजुतींत निघून जातात.

सर्वांत महाग पडणारी समजूत म्हणजे "आधी टेंडर भरू, काम नाही मिळालं तर अटींवर बोलू." वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. पाच किलोमीटर गटाराच्या कामाला पन्नास किलोमीटरचा अनुभव मागितला असेल, किंवा यंत्रसामग्रीची अट एकाच ठेकेदाराकडे बघून लिहिल्यासारखी वाटत असेल, तर हरकत निविदा भरण्याआधीच घ्यायची. निविदापूर्व बैठक असेल तर तिथे प्रश्न लेखी द्या. नसेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पत्र द्या, त्यावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या, आणि त्याच मजकुराचा ईमेल पाठवा. हरकत पटली तर शुद्धीपत्रक निघते आणि अट सर्वांसाठीच बदलते. अटी मान्य असल्याची सही करून, बयाणा भरून, दर टाकून हरल्यावर त्याच अटींविरुद्ध गेलात तर न्यायालयाचा पहिला प्रश्न असतो, "मग तेव्हा गप्प का बसलात?" याला सहसा उत्तर नसते.

"आमचा रेट सगळ्यांत खाली, म्हणजे काम आमचंच" हेही खरे नाही. एल-वन आलेल्याला आपला विचार नियमाप्रमाणे व्हावा हा हक्क मिळतो. काम मिळण्याचा हक्क त्यातून जन्मत नाही. कार्यालय सर्व निविदा फेटाळू शकते आणि फेरनिविदाही काढू शकते. पण "कोणतीही निविदा कारण न देता नाकारण्याचा अधिकार राखून ठेवला आहे" या छापील ओळीने मनमानीला परवाना मिळत नाही. 2024 साली सुबोध कुमार सिंग राठोर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या विकास प्राधिकरणाने मनमानीने रद्द केलेले टेंडर पूर्ववत केले. या तत्त्वाची पायाभरणी आपल्या मुंबईतल्याच एका प्रकरणात झाली आहे. 1977 मध्ये मुंबई विमानतळावर एक उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवायचे टेंडर निघाले. नोंदणीकृत हॉटेलचालक म्हणून पाच वर्षांचा अनुभव ही अट होती आणि काम मिळाले ते कँटीनचा अनुभव असलेल्याला. रमणा शेट्टी खटल्यात 1979 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट स्वतःही पाळलीच पाहिजे.

तरीही या खटल्यातल्या अर्जदाराच्या पदरी काही पडले नाही. तो पाच महिन्यांहून अधिक उशिराने आला होता, तोवर ठेकेदाराचे सव्वा लाख रुपये खर्ची पडले होते, आणि अर्जदाराने स्वतः टेंडरही भरलेले नव्हते. तत्त्व जिंकले आणि माणूस हरला. आपल्या माळशिरस तालुक्यात हे पटकन समजेल. आषाढीत तुकोबांची पालखी अकलूज-बोरगावकडून पंढरीला जाते, तेव्हा मार्गावर मांडव, टँकर, फिरती शौचालये यांची कामे तातडीने निघतात. अशा कामावर दिंड्या पुढे गेल्यावर हरकत घेऊन न्यायालय तरी काय देणार?

तांत्रिक लिफाफ्यात बाद झालेल्यांसाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचा घास तिथेच हिरावला जातो. पोर्टलवर "अट पूर्ण नाही" एवढाच शेरा दिसतो. लगेच फोनाफोनी सुरू होते, ओळखीच्या सदस्याला गाठले जाते, आणि तेवढ्यात वित्तीय लिफाफा उघडतो. हरकतीची खरी वेळ या दोन लिफाफ्यांच्या मधली असते. पत्र लांबलचक नको, भ्रष्टाचाराचे आरोप तर नकोच. असे लिहावे : "निविदा सूचनेतील अट क्रमांक अमुकनुसार अनुभवाचा दाखला मागितला होता. तो आमच्या तांत्रिक लिफाफ्यात पान 14 वर जोडला आहे. तरी आम्हाला कोणत्या कारणाने अपात्र ठरवले ते लेखी कळवावे आणि आमच्या हरकतीवर निर्णय होईपर्यंत वित्तीय लिफाफा उघडू नये." सोबत पोर्टलवर अपलोड झाल्याची पावती आणि त्या पानाची प्रत. बस्स. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मध्ये, नियम 173 खाली, निविदाधारकाला अटींवर, प्रक्रियेवर आणि नाकारण्यावर प्रश्न विचारता आला पाहिजे असे स्पष्ट म्हटले आहे. नगरपंचायतीला हे नियम थेट लागू नाहीत, पण कारण न सांगता बाद करणे मनमानीत मोडते हे तत्त्व इथेही चालते. केंद्राच्या जेम या खरेदी पोर्टलवर तर आक्षेपाची मुदत पोर्टलवरच घातलेली असते. ती इतकी तोकडी असते की रविवार मध्ये आला म्हणून थांबू नये.

माहिती अधिकार टाकला की टेंडर थांबते, असेही अनेकांना वाटते. ते थांबत नाही. 2005 च्या कायद्याने उत्तराला 30 दिवस मिळतात आणि तेवढ्यात कार्यारंभ आदेश निघून जातो. तुलनात्मक तक्ता, निविदा समितीचे इतिवृत्त, यशस्वी ठेकेदाराचे दाखले मिळवायला माहिती अधिकार उत्तम आहे. म्हणून अर्ज करावाच, पण हरकतीच्या पत्रासोबत. पत्राऐवजी नव्हे.

मुख्याधिकाऱ्यांनी दाद दिली नाही तर पुढचे दार सोलापूरला आहे. 1965 च्या नगरपरिषद-नगरपंचायत अधिनियमाचे कलम 308 जिल्हाधिकाऱ्यांना बेकायदा किंवा लोकहिताविरुद्धच्या आदेश-ठरावाची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार देते. जिल्हाधिकारी काम तुमच्या नावावर करून देत नाहीत, पण स्थगितीमुळे हाती वेळ येतो. अर्जात नेमका ठराव आणि नेमका मोडलेला नियम लिहिलेला हवा.

"माळशिरसच्या कोर्टातून स्टे आणतो" हे ऐकले की मला त्या माणसाच्या पैशांची काळजी वाटते. 2018 च्या दुरुस्तीने विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात कलम 20-क आले. रस्ते, पाणीपुरवठा, सांडपाणी, घनकचरा अशा पायाभूत कामांना विलंब होईल असा मनाईहुकूम त्या कायद्याखालच्या दाव्यात आता देता येत नाही. नगरपंचायतीची बहुतेक कामे याच यादीतली. टेंडरच्या निर्णयाला आव्हान द्यायचा खरा रस्ता उच्च न्यायालयातली अनुच्छेद 226 खालची रिट याचिका हाच. सोलापूर जिल्ह्यासाठी 18 ऑगस्ट 2025 पासून ती कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाते. मुंबईच्या खेपा आणि तिथल्या वकिलांची फी यांच्या धाकाने गप्प बसलेल्यांसाठी ही मोठी सोय आहे.

पण तिथे काय तपासतात, हे समजून जावे. निर्णय कसा घेतला हे न्यायालय पाहते. तुमचे पेव्हर ब्लॉक चांगले की त्याचे, यात ते पडत नाही. 2006 च्या जगदीश मंडल निकालाने दोन कसोट्या दिल्या : निर्णय दुष्ट हेतूने, कुणावर मेहेरनजर म्हणून किंवा अगदी मनमानीने घेतला का, आणि त्यात लोकहिताला बाधा येते का. नागपूर मेट्रोच्या प्रकरणात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अटीचा अर्थ ती लिहिणाऱ्या संस्थेलाच जास्त कळतो. संस्थेचा अर्थ तुम्हाला पटला नाही, एवढ्याने भागत नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या टेंडरवरून झालेल्या 1998 च्या रौनक इंटरनॅशनल निकालाने आणखी एक इशारा दिला : स्थगिती मिळवून अखेर हरलात, तर लांबलेल्या कामाचा भुर्दंड तुमच्यावर बसू शकतो. म्हणजे न्यायालये ऐकतच नाहीत असे नव्हे. 2024 मध्येच बन्शीधर कन्स्ट्रक्शनच्या प्रकरणात भारत कोकिंग कोल या सरकारी कंपनीने दुसऱ्याला दिलेले काम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले.

श्रीपूरकरांची एक खास गफलत आहे. श्री पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचे टेंडर आणि नगरपंचायतीचे टेंडर लोक एकाच मापाने मोजतात. सहकारी संस्था सर्वसाधारणपणे राज्यसंस्था मानली जात नाही. 2013 च्या थलप्पलम निकालाचा रोख तोच आहे. त्यामुळे यंत्रदुरुस्ती असो की ऊसतोडणी-वाहतुकीचा करार, कोणत्याही सहकारी कारखान्याशी वाद झाला तर सहसा रिट कामी येत नाही. तिथे करारातली लवादाची कलमे आणि दिवाणी दावा पाहावा लागतो.

साखळी करून दर भरले गेल्याचा संशय असेल, तर जागा वेगळी आहे : भारतीय स्पर्धा आयोग. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रकल्पांच्या टेंडरमधली अशी संगनमताची बोली नागरिक चेतना मंच या संस्थेने तिथे नेली आणि 2018 मध्ये आयोगाने संबंधित कंपन्यांना दंड केला. तक्रारदार ठेकेदारच असावा लागतो असे नाही.

आणि भीती. "तक्रार केली तर काळ्या यादीत टाकतील, पुढची बिलं अडवतील." ही भीती खोटी नाही, छोट्या गावात तर नाहीच. पण नोटीस न देता, म्हणणे न ऐकता कुणालाही काळ्या यादीत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1974 सालीच इरुशियन इक्विपमेंट खटल्यात ठरवले आहे. नियमाने दिलेली हरकत हा काळ्या यादीचा आधार होऊ शकत नाही.

मला खरी चीड येते ती दुसऱ्या गोष्टीची. सोलापूरच्या सीमेपलीकडे विजयपुरात टेंडर भरणाऱ्याला कर्नाटकच्या 1999 च्या पारदर्शकता कायद्याने 30 दिवसांत अपील करण्याचा हक्क दिला आहे. तमिळनाडूच्या 1998 च्या कायद्यात ही मुदत 10 दिवसांची आहे. अमेरिकेत ठेकेदाराची हरकत वेळेत गेली तर बहुतेक वेळा काम आपोआप थांबते आणि तिथले सरकारी लेखातपासणी कार्यालय 100 दिवसांत निकाल देते. महाराष्ट्रात असा कायदा नाही. इथे छोट्या ठेकेदाराला अखेर उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, तीही चार-पाच लाखांच्या गटारासाठी. निकाल आणि कार्यारंभ आदेश यांच्यात किमान सात दिवसांचे अंतर, आणि टेंडर काढणाऱ्या कार्यालयाबाहेरचा एक अपिलीय अधिकारी, एवढे विधिमंडळाने दिले तरी नगरपंचायतीच्या दारातली बरीच भांडणे दारातच मिटतील.