तीन व्यंजनांवर उभी भाषा

मराठीत क्रियापदांच्या काही जोड्या आहेत: पडणे–पाडणे, मरणे–मारणे, गळणे–गाळणे, टळणे–टाळणे. व्यंजने तीच राहतात, पहिला स्वर तेवढा लांबतो, आणि आपोआप घडणारी गोष्ट कोणीतरी घडवलेली होते. आपल्याकडे ही सोय मोजक्याच धातूंना आहे. बाकीच्यांचे काम ‘करवणे’, ‘बसवणे’ असे प्रत्यय लावून भागते. हिब्रूत मात्र व्यंजने जागच्या जागी ठेवून आतले स्वर बदलणे हाच शब्द घडवण्याचा राजमार्ग आहे. तिची लिपी, तिचे उच्चार आणि गेल्या दीडशे वर्षांत तिने घडवलेले नवे शब्द हे सगळे याच एका गोष्टीशी बांधलेले आहे.

वाचताना एक लक्षात ठेवावे. या लेखातला ‘ख’ हा ‘खडू’तला नाही, तर उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा घशात घासून येणारा आहे.

धातू आणि साचे

हिब्रूतला धातू सहसा तीन व्यंजनांचा असतो. क-त-ब हा लिहिण्याचा धातू घेऊ. नुसता तो उच्चारताच येत नाही, कारण त्यात स्वरच नाहीत. स्वर भरले की शब्द तयार होतात: काताव म्हणजे त्याने लिहिले, कोतेव म्हणजे लिहितो, कातूव म्हणजे लिहिलेले, क्तिवा म्हणजे लेखन. पुढे ‘मि’ लागला की मिख्ताव, म्हणजे पत्र. शेवटी ‘त’ आला की क्तोवेत, म्हणजे पाकिटावरचा पत्ता. व्यंजने विषय सांगतात; स्वर आणि मागेपुढे लागणारी एखाददुसरी जोड त्या विषयाचे काय करायचे ते सांगतात.

अरबी ही हिब्रूच्याच सेमिटिक कुळातली. त्यामुळे अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आलेल्या कितीतरी शब्दांचे नातलग हिब्रूत भेटतात. ‘किताब’ याच क-त-ब मधून निघाली. ‘हिशेब’चा जोडीदार खेश्बोन (हिशेब, हॉटेलातले बिल), ‘मुक्काम’चा माकोम (जागा), ‘मालक’चा मेलेख (राजा). खेश्बोनच्याच धातूपासून संगणकाला माख्शेव हा शब्द केला गेला.

नामांचे साचेही ठरलेले असतात. ‘आ-ए-ए-त’ हा स्वरांचा साचा रोगांसाठी वापरतात. त्साहोव म्हणजे पिवळा, त्यावरून त्साहेवेत म्हणजे कावीळ. आदोम म्हणजे लाल, त्यावरून आदेमेत म्हणजे रुबेला. केलेव म्हणजे कुत्रा, त्यावरून कालेवेत म्हणजे रेबीज. वाहण्याच्या धातूवरून झालेली नाझेलेत म्हणजे सर्दी. दोन ‘आ’ असलेला दुसरा एक साचा पेशांचा आहे: नागार (सुतार), खायात (शिंपी), ताबाख (स्वयंपाकी), सापार (न्हावी). धातू ओळखीचा असेल आणि साचा माहीत असेल, तर कधी न ऐकलेल्या शब्दाचाही अंदाज बांधता येतो.

क्रियापदांच्या सात इमारती

क्रियापदांच्या साच्याला हिब्रूत बिन्यान म्हणतात. बिन्यान म्हणजे इमारत. अशा सात आहेत. श-ब-र हा मोडण्याचा धातू घ्या. शावार: त्याने मोडले. निश्बार: ते मोडले, मोडले गेले. शिबेर: त्याने चुराडा केला. पहिला साधा, दुसरा बहुधा कर्मणी, तिसरा पुष्कळदा जोर वाढवणारा. चौथा आपल्या ‘-वणे’सारखा, करायला लावणारा: क-त-ब पासून हिख्तीव, म्हणजे मजकूर सांगून लिहवून घेतला. तिसऱ्या आणि चौथ्याची कर्मणी रूपे हे आणखी दोन. सातवा स्वतःशी किंवा एकमेकांशी चालणाऱ्या क्रियेचा: हित्कातेव, म्हणजे पत्रव्यवहार केला. प्रत्येक धातू सातही साच्यांत जात नाही, आणि अर्थही नेहमी सरळ गणिताने निघत नाही. ल-म-द हा शिकण्याचा धातू तिसऱ्या साच्यात ‘लिमेद’ झाला की ‘शिकवले’ असा अर्थ होतो.

ब कधी, व कधी?

शावारमध्ये ‘व’ आणि शिबेरमध्ये ‘ब’ का, हा प्रश्न आतापर्यंत पडला असेल. दोन्ही ठिकाणी अक्षर एकच, ‘बेत’. प्राचीन हिब्रूत ब, ग, द, क, प, त ही सहा व्यंजने स्वरानंतर आली की सैल, घासून उच्चारली जात. आजच्या बोलीत त्यांतली तीनच उरली आहेत: ब चा व, क चा ख, प चा फ. म्हणून पाताख (उघडले) आणि माफ्तेआख (किल्ली) यांत एकाच अक्षराचे दोन उच्चार होतात.

मग शिबेरमध्ये स्वरानंतर ‘ब’ कसा टिकला? या तिसऱ्या साच्यात मधले व्यंजन मुळात दुहेरी होते: शिब्बेर. दुहेरी व्यंजन सैल होत नाही. पुढे बोलीतून द्वित्व गेले, पण त्याने राखलेला ‘ब’ मागे राहिला.

अपवाद वाटणाऱ्या रूपांमागेही अशीच जुनी कारणे असतात. घशातून येणाऱ्या व्यंजनांचे आणि ‘र’चे द्वित्व होत नसे. त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर बदले. त्यामुळे ब-र-क धातूचे रूप ‘बिरेख’ न होता बेरेख (आशीर्वाद दिला) झाले.

हरवलेले आवाज

जुन्या हिब्रूत घशातले आवाज पुष्कळ होते. आज बहुतेक इस्रायली लोकांच्या बोलण्यात आलेफ आणि आयिन या दोन अक्षरांत फरक उरलेला नाही. परिणामी कारा म्हणजे ‘वाचले’ आणि कारा म्हणजे ‘फाडले’. कानाला एकच, लिहिताना शेवटचे अक्षर वेगळे. ‘त’साठी दोन अक्षरे, ‘क’साठी दोन, ‘ख’साठी दोन, मुलांना ती पाठच करावी लागतात. येमेनी ज्यूंच्या परंपरेत यांतले बरेच भेद टिकले.

हिब्रूत ट-ठ-ड नाहीत, आपल्यासारखे महाप्राणही नाहीत. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, ऊ, ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही. मराठी माणसाला एक आवाज मात्र आयता मिळतो: त्सादी या अक्षराचा उच्चार जवळपास ‘चमचा’तल्या च सारखा होतो. आघात बहुधा शेवटच्या अवयवावर पडतो, आणि तो अर्थ बदलू शकतो. ‘बोकेर’मध्ये पहिल्या अवयवावर जोर दिला तर सकाळ, दुसऱ्यावर दिला तर गुरे राखणारा.

व्याकरणातही एक ओळखीची जागा आहे. ‘मी लिहितो’ आणि ‘मी लिहिते’ हा भेद हिब्रूत जसाच्या तसा आहे: आनी कोतेव, आनी कोतेवेत. नपुंसकलिंग नाही, पण ‘तू’लासुद्धा लिंग आहे: पुरुषाला आता, स्त्रीला आत. जोडीने येणाऱ्या गोष्टींना खास द्विवचन आहे: योम (दिवस), योमायिम (दोन दिवस), यामीम (अनेक दिवस).

स्वर न लिहिणारी लिपी

अर्थाचा भार व्यंजनांवर आहे म्हटल्यावर लिपीने तीच लिहिली यात नवल नाही. उजवीकडून डावीकडे जाणारी बावीस अक्षरे, सगळी व्यंजनांची. व, य, ह यांची अक्षरे काही ठिकाणी स्वराची खूण म्हणूनही येतात. टिंबा-रेघांची पूर्ण स्वरचिन्हे, म्हणजे निक्कुद, पुष्कळ नंतरची. धर्मग्रंथांचे पठण बिघडू नये म्हणून गालिली समुद्राकाठच्या तिबेरिया गावातल्या पंडितांनी दहाव्या शतकापर्यंत ती पक्की केली. आज ती धर्मग्रंथ, कविता आणि मुलांच्या पुस्तकांत दिसतात, वर्तमानपत्रात नाहीत. स-प-र एवढेच छापलेले असले तर ते सेफेर (पुस्तक), सापार (न्हावी) किंवा साफार (मोजले) काहीही असू शकते. वाचणारा वाक्याकडे बघून स्वर भरतो.

दोन नामे, एक नाव

‘चा-ची-चे’ला हिब्रूत बऱ्याचदा प्रत्यय लागत नाही. दोन नामे शेजारी ठेवली की दुसरे पहिल्याचे मालक होते. याला स्मिखुत म्हणतात. बायित (घर) आणि सेफेर मिळून बेत-सेफेर, म्हणजे शाळा. याची उदाहरणे आपल्या आसपासच आहेत. पुण्याच्या लाल देवळाचे नाव ओहेल दावीद, म्हणजे दावीदचा तंबू. अलिबागच्या सिनेगॉगचे मागेन आवोत, म्हणजे पूर्वजांची ढाल. मुंबईत बेने इस्राएल या ज्यू समाजाने १७९६ मध्ये उभारलेले शाआर हा-राखामीम, म्हणजे दयेचे द्वार. त्यातला र-ख-म धातू आपल्या ‘रहम’चाच सोबती. इथला ‘हा’ निश्चितता दाखवतो आणि नेहमी दुसऱ्या नामाला चिकटतो. मराठी ही या समाजाची बोली असल्याने मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले.

नव्या शब्दांची सोय

इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत हिब्रू रोजच्या बोलण्यातून गेली. प्रार्थनेत आणि विद्वानांच्या लेखनात राहिली. १८८१ मध्ये याफा बंदरात उतरलेल्या एलिएझेर बेन-येहुदांनी ती घरात बोलायचा आग्रह धरला. पुढे १८९० मध्ये भाषा समिती आणि १९५३ मध्ये हिब्रू भाषेची अकादमी आली. हजारो नव्या वस्तूंना शब्द हवे होते, आणि जुने धातू जुन्याच साच्यांत घालून त्यांतले बरेच मिळाले. परक्या शब्दालाही हाच न्याय: ‘टेलिफोन’मधली व्यंजने काढून तिसऱ्या साच्यात बसवली आणि तिलफेन, म्हणजे ‘फोन केला’ असे क्रियापद झाले.

एक वाक्य वाचून पाहू

कागदावर एवढीच व्यंजने आहेत: हतलमयदह कतबह मकतब लमलक. पहिल्या शब्दात सुरुवातीचा ‘ह’ निश्चिततेचा, मधला ‘य’ ई स्वराची खूण, शेवटचा ‘ह’ आ स्वराची आणि स्त्रीलिंगाची. उरते त-ल-म-द; त्यातला ‘त’ साच्याचा, ल-म-द शिकण्याचा. म्हणजे हा-तालमीदा, ती विद्यार्थिनी. दुसऱ्यात क-त-ब आणि पुन्हा स्त्रीलिंगी ‘ह’, म्हणून कात्वा, तिने लिहिले. तिसरे मिख्ताव, ‘मि’नंतर क चा ख झाला, शेवटच्या ब चा व. चौथ्यात ‘ल’ म्हणजे ‘-ला’, पुढे मेलेख. विद्यार्थिनीने राजाला पत्र लिहिले. फक्त ‘ले-मेलेख’ (कुठल्याशा राजाला) म्हणायचे की ‘ला-मेलेख’ (त्या राजाला), हे अक्षरे सांगत नाहीत. राजाचा उल्लेख आधी येऊन गेला आहे का, ते पाहून वाचणाऱ्याने तो एक स्वर ठरवायचा.